एका हाताने मोडेल अशी पोळी

पडदा वर जातो. समोर स्वयंपाकघर. फार मोठं नाही; दोन माणसं एकदम आत शिरली तर एकाने श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याने सोडायचा, एवढंच. उजवीकडे ओटा, ओट्यावर शेगडी, तिच्या मागे खिडकी. खिडकीबाहेर अरुंद मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे, हात लांब केला तर पोचेल असं वाटणारी, शेजाऱ्याची खिडकी. डावीकडे दारात एक स्टूल. स्टुलावर काकू बसलेल्या; त्यांचा उजवा हात तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आणि मधोमध, बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून, परातीतल्या पिठाकडे पाहत पडदेकाका उभे. पीठही त्यांच्याकडे पाहत होतं. पहिलं वाक्य कुणी बोलायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"पाणी किती घालू?" शेवटी काकांनी विचारलं.

"पीठ मागेल तेवढं," काकू म्हणाल्या.

काका तांब्या हातात धरून थांबले. बराच वेळ थांबले. पीठ काही मागेना.

आता हे पडदेकाका कोण, ते सांगायला हवं. पडदे हे त्यांचं आडनाव नव्हे. शहरातल्या जुन्या नाट्यगृहात त्यांनी उभी हयात पडदा ओढला, म्हणून सगळी इमारत त्यांना पडदेकाका म्हणायची. दोरीने त्यांचे तळवे असे राठ झाले होते की गरम तव्याची कड धरली तरी ते म्हणत, "कोमट आहे." नाटकं त्यांनी ढिगाने पाहिली, पण सगळी विंगेतून, कडेने. नायकाचा डावा कान त्यांना जितका ठाऊक होता तितका त्याच्या बायकोलाही नसेल. शेवटचं वाक्य टाकण्याआधी नटाच्या बरगड्या कशा हळूच उचलल्या जातात, हे तिकीट काढून समोर बसणाऱ्याला कधी दिसत नाही, काकांना दिसायचं. पुढे नाट्यगृहाने बटणावर चालणारा पडदा आणला. "दोरी माळ्यावर ठेवू, पुढचं पुढे बघू," असं व्यवस्थापक म्हणाले आणि काकांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. दोरी अजून माळ्यावरच आहे.

पडदा ओढणाऱ्याचा एकच नियम असतो: आपलं डोकं चालवायचं नाही. विंगेत लाल दिवा लागला की ओढायचं. नाही लागला तर आभाळ कोसळलं तरी ओढायचं नाही. हा नियम काका उमेदवारीच्या काळात एका संध्याकाळी शिकले, आणि ज्याच्या जिवावर शिकले तो माणूस आज समोरच्याच खिडकीत राहत होता.

तो माणूस म्हणजे त्या काळचा गाजलेला खलनायक. त्याला पाहून बायका डोळे मिटायच्या आणि बोटांच्या फटीतून बघायच्या. त्या नाटकात सख्ख्या भावाने विष दिल्यावर त्याला मरायचं होतं, आणि तो काही पटकन मरणारा नट नव्हता. गुडघ्यावर यायचा, उठायचा, पुन्हा पडायचा, मधूनमधून लांबलचक बोलायचा. त्या दिवशी अर्ध्या भाषणावर तो असा काही निपचित पडला की दोरीपाशी उभ्या असलेल्या कोवळ्या उमेदवाराला हुंदका आला. "सुटला बिचारा," असं मनाशी म्हणून त्याने डोळे पुसले आणि पडदा पाडला. दिवा लागलाच नव्हता. त्यातून खलनायक पडला होता जरा पुढे, त्यामुळे पडदा आला त्याच्या मागे. त्याने एक डोळा उघडून पाहिलं, तर पाठीला पडदा, समोर चपला शोधणारे प्रेक्षक, आणि पोटात अर्धं भाषण. मग तो उठला, विष पोटात असतानाच लवून नमस्कार केला, आणि तलवारीच्या टोकाने पडद्याची फट शोधत बराच वेळ तिथेच फिरत राहिला.

आत आल्यावर त्याने कुणाचा गळा धरला नाही. एवढंच म्हणाला, "अरे पडद्या, मी अजून मेलो नव्हतो रे." हे वाक्य तो तेव्हापासून आजतागायत म्हणतो आहे. पुढे दोघे शेजारी झाले, जिवलग झाले, पण वाक्य काही सुटलं नाही. इमारतीतली पोरं त्याला दुष्टकाका म्हणत. रंगमंचावर त्याने किती जणांची नरडी दाबली याची गणती नाही. घरात कोळी दिसला तर मात्र त्याला वर्तमानपत्रावर घेऊन जिन्यापर्यंत सोडायला जायचा. हल्ली त्याने कवळी बसवली होती आणि केळ्याहून कडक असं काही तिला मानवत नव्हतं.

तर त्या संध्याकाळपासून काकांनी आपलं डोकं चालवणं जे बंद केलं ते घरातसुद्धा. काकू "अहो, उठा" म्हणाल्या की उठायचं, "अहो, छत्री" म्हणाल्या की छत्री घ्यायची. एकदा एका नातेवाइकाकडे कुणी "घ्या" म्हटलं नाही, म्हणून काका चहाचा कप हातात धरून साय येईपर्यंत बसून होते. संसार मात्र उत्तम चालला होता. दिवा लागत होता, दोरी ओढली जात होती.

आणि मग काकू साबणावरून घसरल्या.

लेक दुसऱ्या शहरातून धावत आली. ती विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासायची. तिच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नसे, मग बापाची फजिती कुठली सुटणार? तिने सिंकमधली भांडी पाहिली, करपलेला टोस्ट पाहिला, आणि कमरेवर हात ठेवले.

"आई माझ्याकडे येतेय. हात बरा होईपर्यंत. मग पुढचं पुढे बघू. खोली रिकामीच आहे."

"आणि यांचं?" काकूंनी विचारलं.

"बाबांना डबा लावू."

'पुढचं पुढे बघू' हे शब्द ऐकले आणि काकांना माळ्यावरची दोरी आठवली.

"तुला जायचंय का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय, दोन मऊ पोळ्या मिळाल्या की झालं," काकू म्हणाल्या. "डाव्या हाताने मोडता आल्या पाहिजेत. हिच्याकडे पोळ्यांना बाई आहे म्हणे." याहून जास्त त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

"पोळ्या मी करीन," काका म्हणाले.

कुणीही खूण केली नव्हती. काकूंनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलं आहे का म्हणून.

लेक आधी हसली. पण मुलगी न्यायी होती, आईवर गेली होती. म्हणाली, "ठीक आहे. रविवारी दुपारी मी आईला न्यायला येते. स्वयंपाकघरात तुम्ही एकटे. आई माझ्याजवळ, बाहेरच्या खोलीत. तुमची पोळी आईला एका हाताने, तेही डाव्या, मोडता आली तर आई इथे राहील. नाही तर बॅग तयार ठेव गं आई."

अशा रीतीने तालमी सुरू झाल्या.

पीठ मळण्यात काकांनी पहिल्याच दिवशी बाजी मारली. दोरी ओढलेले हात ते, परातीत उतरले की कणकेची काय बिशाद? थोडं तेल लावून, झाकून मुरायला ठेवलेली ती कणीक मग अशी लुसलुशीत व्हायची की काकूंनी एकदा चालता चालता तिचा गालगुच्चा घेतला. लाटताना मात्र काका कडा सरळ करायला जायचे. जन्मभर कापडाच्या कडा पाहिलेल्या, गोल गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"ही खायची की खिडकीला लावायची?" काकूंनी पहिली चौकोनी पोळी पाहून विचारलं.

"खाली झालर लावतो, मग सांग."

दुसरी अडचण झाकण्याची. पोळी तव्यावरून उतरली की कापडात गुंडाळून डब्यात झाकायची, तर काकांचा हात धजेना. त्यांनी सगळ्या पोळ्या ताटात उघड्या मांडून ठेवल्या. थोड्या वेळात त्या अशा वाळल्या की दोन हातांत दोन घेऊन वाजवल्या असत्या तर झांजांची गरज नव्हती.

"अहो, झाकल्या का नाहीत?"

"मंडळी रंगमंचावर असताना पडदा पाडून ठेवत नाहीत गं."

काकूंनी कपाळाला हात लावायचा विचार केला, पण हात प्लास्टरमध्ये होता. मग त्यांनी नवऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितलं, "हे बघा, पोळी म्हणजे नटी. तव्यावरचा प्रवेश झाला की घामाघूम होऊन आत येते. तिला लगेच लोकांपुढे उभं करायचं का? जरा आत बसू द्या तिला, वाफ जिरू द्या."

हे मात्र काकांना पटलं. त्यानंतर ते डब्यावर कापड असं काही टाकायचे की पाहणाऱ्याला टाळी वाजवावीशी वाटे.

मऊपणाचा निवाडा दुष्टकाकांकडे होता. ते रोज कवळी लावून येत, घास घेत आणि डोळे मिटून निकाल देत. पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, माझी कवळी परत करा, ती पोळीत राहिली." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "विषापेक्षा बरी." पुढे पुढे नुसतं खायचे आणि दुसरी मागायचे.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. काकू स्टुलावर बसून "टाका" म्हणत, "उलटा" म्हणत, "दाबा" म्हणत, "उतरवा" म्हणत, आणि पोळी टम्म फुगे. रविवार जवळ आला तसं काकूंनी एक पोळी मुद्दाम गप्प बसून पाहिली. काका उलथणं उगारून उभे राहिले. नजर तव्यावर नाही, बायकोच्या ओठांवर. तव्यातून आधी वास आला, मग धूर आला, मग खिडकीतून दुष्टकाका खोकू लागले.

"अहो, करपलेली दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय गं," काका काकुळतीला येऊन म्हणाले. "पण दिवा लागला नाही."

काकू उठल्या. आत जाऊन त्यांनी डाव्या हाताने कपाटावरची बॅग खाली ओढली.

त्या संध्याकाळी जिन्यात दोघा मित्रांचं खलबत झालं.

"माझं मरणाचं भाषण आठवतं तुला?" दुष्टकाकांनी विचारलं.

"अर्धं," पडदेकाका प्रामाणिकपणे म्हणाले.

"पुरे आहे. लाटण्याने खिडकीवर टकटक केलीस की मी माझ्या खिडकीतून सुरू करतो. 'प्याला' आला की पोळी टाक. 'विष' आलं की उलट. 'काळोख' आला की परत उलट आणि फडक्याने दाब. 'क्षमा नाही' म्हटलं की उतरव. वेळ बरोब्बर बसते, मी घरी घड्याळ समोर ठेवून पाहिलंय."

"म्हणजे दर पोळीला तू मरणार?"

"तू लाटत जा. मी मरत जातो."

"आणि हिला कळलं तर?"

"वहिनींना काय कळायचं? त्या बाहेर बसणार."

रविवार उजाडला. लेक आली. तिने स्वयंपाकघर तपासलं, ओट्याखाली वाकून पाहिलं, डबा हुंगला, आणि आईला घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. काकूंची बॅग दाराशी उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं. कणीक मुरली होती, तवा तापला होता, पहिली पोळी लाटून झाली होती आणि गोल म्हणावी अशी गोल होती. त्यांनी लाटणं खिडकीच्या चौकटीवर हलकेच वाजवलं.

पलीकडे घसा साफ झाला. आणि जो आवाज ऐकून एके काळी शेवटच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरायची, तो आवाज घुमला:

"भावा! तुझ्या हातचा प्याला मी डोळे मिटून ओठांना लावला..."

पोळी तव्यावर पडली.

"...आणि तू, माझ्या पाठचा तू, त्यात विष कालवलंस!"

पोळी उलटली. इथवर सगळं तालमीसारखं.

बाहेरच्या खोलीत लेक ताडकन उठली. "आई, दुष्टकाकांना कुणीतरी विष दिलंय."

"बस गं," काकू म्हणाल्या. "त्यांचं नेहमीचं आहे."

पण पोर जाग्यावर राहील तर ना. ती दार उघडून पळत सुटली, समोरचं दार तिने दणादणा वाजवलं, आणि दुष्टकाका 'काळोख' म्हणायच्या बेतात असतानाच गडबडून दार उघडायला गेले. पलीकडे झटापटीचा आवाज झाला. मग कसलीशी गुळणी ऐकू आली. मग शांतता.

काकांनी समोर पाहिलं, खिडकी रिकामी. वळून दाराकडे पाहिलं, स्टूल रिकामं. उलथणं हातात, तव्यावर अर्धीकच्ची पोळी, आणि काळोखाचा पत्ता नाही. बाहेरच्या खोलीत काकू होत्या, हाक मारली असती तर ओ दिली असती. काकांनी तोंड उघडलं. पण दाराशी बॅग होती.

त्यांनी तोंड मिटलं आणि पहिल्यांदाच तव्याकडे पाहिलं. वरून काही कळेना. मग जुनी सवय म्हणून ते खाली वाकले, गाल ओट्याला टेकवला, आणि पोळीकडे विंगेतून पाहावं तसं कडेने पाहिलं. तिच्या अंगावर बारीक फुगवटे उठले होते. आणि कड, ती एका बाजूची कड, हळूच वर उचलली जात होती.

काका दचकले. ही तर बरगडी. ही श्वास घेते आहे. ही आता शेवटचं वाक्य टाकणार.

त्यांनी पोळी उलटली. फडक्याने नुसतं कडेला दाबलं, आणि ती अशी फुगली की तव्यावर घुमट उभा राहिला. काकांनी ती उतरवली, कापडात घेतली, पडदा पाडला. मग दुसरी टाकली आणि पुन्हा गाल ओट्याला टेकवला. मग तिसरी. डाव्या गालाला पीठ, उजव्या गालावर घाम, आणि तोंडाने स्वतःशीच, "घे श्वास, घे बाई, घाई नाही."

तेवढ्यात लेक दुष्टकाकांना दंडाला धरून आत घेऊन आली. त्यांचा सदरा ओला होता आणि चेहरा खारट. तिने त्यांना एका दमात तांब्याभर मिठाचं पाणी पाजलं होतं, विष उतरावं म्हणून. ते उतरल्यावर तिने एकदाच रोखून पाहिलं आणि विचारलं, "काका, काय लपवताय?" आयुष्यभर राजवाडे उलथवणारा तो कारस्थानी पुरुष प्याल्यापासून क्षमेपर्यंत सगळं घडाघडा ओकला होता, मिठाच्या पाण्यासकट.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्हाला बाहेरून सूचना होत्या. हे चालणार नाही."

काका ओट्यावरून गाल उचलत म्हणाले, "होत्या. विषापर्यंत होत्या. पुढचं माझं आहे."

लेकीने बापाच्या गालावरचं पीठ पाहिलं. मग तिने डबा उचलला, बाहेर नेला आणि आईच्या पुढ्यात ताट ठेवलं.

काकूंनी पोळी घेतली. उजवा हात मांडीवर, डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पोळीच्या कडेला. त्यांनी ओढलं, तर ताटच सरकलं. काकांनी डोळे मिटले. दुष्टकाकांनीही मिटले, पण बोटांची फट ठेवली. काकूंनी ताटाला प्लास्टरचा कोपर लावला आणि पुन्हा ओढलं. पोळी मुकाट्याने मोडली. पदर सुटावेत तशी मोडली, आणि मधून वाफेची एक रेघ निघाली.

काकूंनी घास चावला. सावकाश चावला.

"मीठ विसरलात," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. आज मीठ घाला असं कुणी म्हणालंच नव्हतं.

"सगळं मीठ माझ्यात आहे, वहिनी," दुष्टकाका क्षीण आवाजात म्हणाले.

"पण मऊ आहे," काकू म्हणाल्या आणि दुसरा घास मोडला. तिसरा लेकीच्या तोंडात घातला. लेक चावत राहिली. मग उठली, दाराशी गेली आणि बॅग जाग्यावर ठेवायला म्हणून उचलली; तर ती इतकी हलकी की तिचा तोल गेला. तिने चेन उघडून पाहिलं. आत काही नव्हतं, रुमालसुद्धा नाही. जन्मभर लोकांच्या बॅगा तपासणाऱ्या बाईच्या नाकासमोर ती आल्यापासून रिकामी उभी होती.

"आई, ही भरलीच नाहीस?"

"भरायला दोन हात लागतात," काकू म्हणाल्या आणि पुढचा घास मोडला.

काका बॅगेकडे पाहत राहिले, मग बायकोकडे. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोळीत फार गुंतल्याचा अभिनय ती करत होती, आणि विंगेत आयुष्य गेलेल्या माणसाला अभिनय ओळखता येतो.

सगळ्यांनी एकेक पोळी खाल्ली. दुष्टकाकांनी दीड खाल्ली आणि कवळी जागची हलली नाही. मग हात धुऊन ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "वहिनी, आज परत अर्धवटच राहिलं बघा. तुमची हरकत नसेल तर."

"करा की भावोजी," काकू म्हणाल्या. "खुर्ची तेवढी सांभाळा."

दुष्टकाकांनी प्याल्यापासून सुरुवात केली. विष झालं, काळोख झाला, 'क्षमा नाही'सुद्धा झालं. ते गुडघ्यावर आले, उठले, पुन्हा पडले, सतरंजीवर आडवे झाले आणि निपचित पडून राहिले. बराच वेळ झाला. लेकीने डोळे पुसले, दोन टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या पोळ्या वाढायला म्हणून डब्यावरचं कापड उचललं.

काकांनी कडेने सतरंजीकडे पाहिलं आणि हलकेच लेकीचा हात धरला.

"थांब. अजून मेला नाही तो. तोवर पोळ्या झाकून ठेव."